कानाला हात

आमच्या घरी पत्त्यांचा एकच जोड होता आणि त्यात एक्कावन्न पत्ते होते. बावन्नावा, म्हणजे चौकटची पंजी, मी एका लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून कापून केला होता. त्याच्या पाठीवर गणपतीची अर्धी सोंड दिसायची, त्यामुळे ती पंजी कुणाकडे गेली हे पानं वाटतानाच सगळ्यांना कळायचं. बाकीच्या पत्त्यांवर तात्यांचे अंगठे उमटलेले होते. तात्या म्हणजे माझे वडील. मानपाड्याच्या बाजूला कापडाचे रंग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते कामाला होते. ज्या आठवड्यात जो रंग निघायचा तो त्यांच्या बोटांवर चढायचा आणि पुढच्या रंगाखाली दबेपर्यंत उतरायचा नाही. किलवरच्या राजाच्या कपाळावर पिवळा डाग होता, इस्पिकच्या राणीच्या गळ्याशी निळा. आईच्या भाकरीच्या परातीला सोडून घरातल्या प्रत्येक वस्तूला त्यांचा कुठला ना कुठला रंग लागलेला होता. जेवताना ते उजवा हात राखेने, साबणाने, परत राखेने घासायचे, तो ताटाच्या वर उलटसुलट करून बघायचे आणि मगच घास घ्यायचे.

रविवारी दुपारी भोंगा व्हायचा, तात्या पहिल्या पाळीवरून यायचे, बाजरीची भाकरी, पिठलं आणि खरडा असं जेवण व्हायचं आणि मग गोधडी अंथरून मेंढीकोट. तात्या आणि मी भिडू. समोर आई आणि माझा धाकटा भाऊ दिनू. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दश्शीला आम्ही मेंढी म्हणतो, आणि चार मेंढ्या पळवायच्या हा खेळ. पण आमच्या घरात खरा खेळ पत्त्यांचा नव्हताच, तो खुणांचा होता. उजव्या कानाला हात लावला म्हणजे हुकमाचा एक्का माझ्याकडे आहे. गुडघा खाजवला म्हणजे मेंढी आहे, सांभाळ. नाक ओढलं म्हणजे हातात काही नाही, तुझं तू बघ. साताऱ्याकडच्या आमच्या गावात पारावर असाच डाव चालायचा आणि तात्यांनी तो जसाच्या तसा डोंबिवलीत आणला होता. दोन्ही बाजू खुणा करायच्या. समोरच्याची खूण पकडणं हीच मजा. आई पानावरची नजर न काढता म्हणायची, "दिन्या, जपून टाक. बापलेकीचं कान खाजवायला लागलं." मग तात्या मुद्दाम खोटी खूण करायचे आणि फक्त मला ती खोटी आहे हे कळायचं, कारण खोटी खूण करताना त्यांचा अंगठा कानाच्या पाळीला टेकायचा नाही. आज मागे वळून पाहिलं तर वाटतं, तात्या आणि मी तोंडाने एकमेकांशी फार थोडं बोललो. जे बोललो ते गोधडीवर.

मी स्थापत्याच्या पदविकेला होते. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मी पहिलीच. कॉलेजात माझ्या बोलण्यातलं 'हाय' आणि 'न्हाई' ऐकून मुलं हसायची, म्हणून मी वर्गात फारसं तोंड उघडत नसे. दामले सर आम्हाला पुलांचा विषय शिकवायला आठवड्यातून दोनदा येत. सरकारी नोकरीत आयुष्यभर पूल बांधून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं की पुलात सगळ्यात महत्त्वाचं काय. कुणी खांब म्हणालं, कुणी तुळया, कुणी पाया. सर म्हणाले, फट. पूल उन्हात लांबतो आणि थंडीत आखडतो. दोन तुकड्यांमध्ये फट सोडली नाही तर तो स्वतःच्याच जोराने फुटतो. आपल्या डोंबिवलीच्या रेल्वेवरच्या पुलावरून रिक्षा जाताना ठक्-ठक् होतं ते त्या फटीचं, ते ऐकत जा, असं त्यांनी सांगितलं. मी ऐकत गेले. पुढे पस्तीस वर्षं मी पुलांची तपासणी करूनच पोट भरलं आणि अजूनही कुठल्याही पुलावर माझे कान आधी जागे होतात.

त्या वर्षी मला एकच घोर होता. पदविकेचे शेवटचे सहा महिने बाहेर कुठेतरी प्रत्यक्ष काम करायचं असे, त्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नसे. मुलांना साइटवर पटापट जागा मिळाल्या. मला चार ठिकाणांहून एकच उत्तर आलं, की मुलींची इथे सोय नाही. इकडे मामा कराडजवळचं एक स्थळ घेऊन आला होता. माणसं चांगली, जमीन पाण्याखालची, म्हणजे बागायती, आणि मुलीला फार शिकवू नका हा निरोप. तात्यांनी मामाला शब्द दिला होता की पोरीचं कामाचं जमलं तर थांबू, नाही जमलं तर दसऱ्यानंतर बघायला या. म्हणजे माझ्याकडे श्रावण आणि भाद्रपद होता. रात्री जेवताना आई नुसतं 'लागलं का काही?' एवढंच विचारायची आणि मी नकाराची मान हलवली की भाकरी माझ्या ताटात जरा जपून वाढायची, जणू मी आत्ताच पाहुणी झाले होते.

अशात दामले सरांनी एकदा वर्ग संपताना विचारलं की पत्ते कुणाला येतात. मी हात वर केला. कुठला खेळ विचारल्यावर मी मेंढीकोट म्हणाले आणि वर्ग खिदळला. सर हसले नाहीत. त्यांच्याकडे दर रविवारी ब्रिजचा डाव असे आणि त्यांच्या चौथ्या गड्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "हात कसा करायचा ते कळतं ना? मग बाकीचं महिन्याभरात येईल," ते म्हणाले. तिसरे गडी कोण, ते त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. वैद्यसाहेब. ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्यांचं छोटं ऑफिस होतं, तिथे पुलांची ड्रॉइंगं होत. सरांनी माझ्यासाठी त्यांना विचारलं होतं. वैद्यसाहेब म्हणाले होते की आधी टेबलावर बसू दे, माणूस पानं धरतो कसा यावरून मला सगळं कळतं.

सरांचं घर पश्चिमेला. रविवारी घरचा डाव संध्याकाळवर ढकलून मी आमच्या चाळीतून निघायचे आणि पूल ओलांडून चालत जायचे, ओठांवर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशी घोकंपट्टी. दामलेकाकू माझ्या भिडू. गोऱ्या, ठेंगण्या, सतत काहीतरी खायला घालणाऱ्या. दडपे पोह्यांची बशी उजव्या हाताला ठेवायच्या आणि म्हणायच्या, "खा गं, पोटात काही नसलं की माणूस भलतं पान टाकतं." सरांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती बोली. या खेळात भिडूशी बोलायला मोजके शब्द आहेत. वन क्लबपासून सेव्हन नो ट्रम्पपर्यंत पस्तीस, आणि पास, डबल, रीडबल. एवढ्यातच आपल्या हातात काय आहे ते भिडूला कळवायचं. ते ऐकून मला विलक्षण हायसं वाटलं. ज्या बोलीत मला कुणी हसू शकणार नाही अशी एक बोली जगात होती, आणि ती अडतीस शब्दांची होती. मी ती चार रविवारांत पाठ केली. दश्श्या उगाच जपून ठेवायची माझी खोडही काकूंनी मोडली. इथे मेंढ्या नसतात गं, म्हणाल्या.

पाचव्या रविवारी वैद्यसाहेब जरा खुशीत होते. कॉफी घेताना त्यांनी मला विचारलं होतं की शाईने रेघा मारता येतात का. मी हो म्हणाले. पुढच्या डावात ते चार इस्पिक बोलले, म्हणजे हुकूम इस्पिक आणि खेळणार ते. सर त्यांचे भिडू असल्यामुळे डमी. त्यांनी पानं टेबलावर उघडी मांडली आणि खुर्चीला टेकून बसले. आमचे तीन हात झाले होते. अजून एक मिळाला की वैद्यसाहेबांचा डाव पडणार होता. पान टाकायची पाळी काकूंची होती आणि त्या अडल्या होत्या. बोट एकदा या पानावर, एकदा त्या पानावर. इस्पिकचा एक्का माझ्याकडे होता. तो हात आमचाच होता, पण काकूंना ते ठाऊक नव्हतं; त्यांनी इस्पिक टाकलं की लगेच झालं असतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि माझा उजवा हात उठून कानाला लागला.

मी ठरवून केलं नाही हे मी आजही शपथेवर सांगेन. पण केलं हेही खरं.

काकूंना काहीच कळलं नाही. त्यांनी काळजीने विचारलं, "कान दुखतोय का गं?"

वैद्यसाहेबांनी आपली पानं टेबलावर पालथी ठेवली. "तिचा कान दुखत नाहीये, वहिनी. ती तुम्हाला एक्का सांगतेय." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "आमच्याकडे याला चोरी म्हणतात."

मी म्हणायला हवं होतं की माहीत नव्हतं. माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरी असंच खेळतात." सरांनी खाली मान घातली. मी चपला घातल्या. दडपे पोह्यांची बशी तशीच अर्धी राहिली. जिना उतरताना मला एवढंच कळत होतं की मी एका वाक्यात माझी जागा घालवली आणि माझ्या बापालाही चोर ठरवलं.

घरी कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी दिनूने गोधडी अंथरली, पानं वाटली गेली, आणि दुसऱ्याच हाताला तात्यांनी कानाला हात लावला. मी पानं फेकून दिली. "ते करू नका," एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मग सगळं सांगावं लागलं. काकूंच्या प्रश्नाला आईला हसू आलं, ते तिने पदरात दाबलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी विचारलं, चोरी म्हणाला? मी मान डोलावली. त्यांनी एक्कावन्न अधिक एक पत्ते गोळा केले, त्यांच्या कडा जुळवल्या आणि म्हणाले, "येत्या रविवारी मी येतो तुझ्यासंगं."

तो आठवडा मी विसरू शकत नाही. मी तात्यांना दहा प्रकारे सांगून पाहिलं की नका येऊ. कधी वाटायचं, त्यांनी भांडण काढलं तर? कधी ते वैद्यसाहेबांच्या पाया पडलेले दिसायचे, आणि त्याची जास्त भीती वाटायची. आणि या दोन्हीच्या तळाशी एक तिसरी भीती होती, जी मी आज प्रथमच कागदावर लिहिते आहे. तात्या त्या घरात 'हाय, न्हाई' बोलतील, त्यांचे हात सगळ्यांना दिसतील, ही ती भीती. त्या आठवड्यात कारखान्यात जांभळा रंग होता.

रविवारी पाळी संपवून ते आले, लाकडाचा भुसा आणि साबण घेऊन नळावर बसले आणि आईने हाक मारीपर्यंत हात घासत राहिले. जांभळा रंग हटला नाही, उलट धुतल्यामुळे जास्तच खुलला. गावाहून आलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन ते निघाले. पुलावर मी त्यांच्या दोन पावलं मागे चालत होते. ते लवकर चालत होते म्हणून नव्हे. रिक्षा जात होत्या, ठक्-ठक् होत होतं, आणि मी मनात म्हणत होते की वैद्यसाहेब आज आलेले नसू देत.

ते आलेले होते. चौथ्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तात्यांनी शेंगा दाराशीच ठेवल्या आणि उभ्यानेच बोलले. आठवडाभर त्यांनी ते मनात जुळवलं असणार, कारण ते एकदाही अडखळले नाहीत.

"साहेब, खूण मी शिकवली. पोरीला चोरी येत न्हाई. आमच्यात खूण केली तरी खेळ हाय आणि पकडली तरी खेळ हाय. तुमच्यात चालत न्हाई, बरोबर हाय तुमचं. पण एक इचारतो. चालत न्हाई हे तिला कुणी सांगितलं होतं का?"

वैद्यसाहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "नाही," ते म्हणाले. "बोली शिकवली, मोजणी शिकवली. हे मी सांगितलं नाही. मला वाटलं, हे काही सांगावं लागत नाही."

मी पुढे नोकरीत कितीतरी चौकशा पाहिल्या. मोडलेल्या सांध्यापाशी उभं राहून प्रत्येक जण हेच म्हणायचा, की हे काय सांगायला हवं होतं. प्रत्येक वेळी मला सरांचा तो चष्मा आठवला. एवढ्या मोठ्या माणसाने एका कामगारासमोर आणि आपल्या विद्यार्थिनीसमोर 'मी सांगितलं नाही' असं म्हणणं ही किती मोठी गोष्ट होती, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. त्यांचं माझ्यावर जे ऋण आहे त्यात हे वाक्य मी सगळ्यात वर ठेवते.

काकू उठल्या. उभ्याने काय बोलता, बसा, असं म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची तात्यांपुढे सरकवली आणि कॉफी करायला आत गेल्या. अशा रीतीने तात्या माझ्यासमोर, माझे भिडू म्हणून बसले. तात्या म्हणाले, हा खेळ मला येत न्हाई. सरांनी सांगितलं की तुम्ही प्रत्येक वेळी फक्त पास म्हणा. मुलीने बोली जिंकली तर तुम्ही डमी.

"म्हंजे काय करायचं?"

"पानं उघडी मांडायची आणि गप्प बसायचं. बाकी सगळं ती खेळेल."

"बास?" तात्या म्हणाले. "मग जमंल."

वैद्यसाहेब पानं पिसत होते. माझ्या हातात सहा इस्पिक आली. मी वन स्पेड म्हणाले. सर टू हार्ट्स म्हणाले, तात्या पास, वैद्यसाहेब पास. मी टू स्पेड्स म्हणाले आणि पुढे सगळे पास. आठ हात करायचे होते. सरांनी पहिलं पान टाकलं. तात्यांनी आपली तेरा पानं एकेक करून टेबलावर उघडी मांडली, रंगांप्रमाणे, कडा जुळवून. आणि मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. पानांच्या दोन बाजूंना, बोटं पसरून, मनगटापर्यंत जांभळे. ते त्यांनी डाव संपेपर्यंत उचलले नाहीत.

मला आधी वाटलं, ते नुसतेच बसले आहेत. मग त्यांच्या कानामागून घामाचा ओघळ निघाला आणि मानेवर आला, तो त्यांनी पुसला नाही. शेंगांच्या पिशवीवरची एक माशी उठून त्यांच्या भुवईवर बसली, तिथून नाकावर आली. त्यांनी फक्त डोळे मिटले. हात तसेच. ज्या हातांची मला आठवडाभर लाज वाटत होती ते त्यांनी सगळ्यांना दिसतील असे मधोमध ठेवले होते, आणि कशासाठी ठेवले होते ते त्या टेबलावर चौघांनाही कळत होतं. माझ्या डोळ्यांपुढची पानं धुरकट झाली. एक चौकट चुकीच्या वेळी टाकली. सात हात झाले.

"एक कमी पडला," वैद्यसाहेब म्हणाले. त्यांनी पानं गोळा केली, तात्यांच्या बाजूची पानं स्वतः हात लांब करून घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पान टाकायची घाई करतेस. ड्रॉइंगवर नको ती घाई. उद्या साडेनऊला वागळे इस्टेटला ये." ते माफी वगैरे काही म्हणाले नाहीत. पुढच्या सहा महिन्यांतही कधी म्हणाले नाहीत. फक्त मला पहिल्या दिवशी प्रत्येक गोष्ट सांगितली, अगदी पेन्सिलीला टोक कुठे करायचं तेसुद्धा.

परत येताना पुलाच्या मध्यावर तात्या थांबले, शेंगांची रिकामी पिशवी बगलेत धरली आणि कान करकरून खाजवला. "कवाधरनं खाजत होता," ते म्हणाले. दोन पावलं गेल्यावर त्यांनीच विचारलं, "काय म्हणल्या होत्या गं त्या बाई? कान दुखतोय का?" आणि आठवड्यात पहिल्यांदा हसले. मी त्यांच्या बरोबरीने चालत होते.

इथे हे प्रकरण थांबवलं तर वाचायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. मी वागळे इस्टेटला जाऊ लागले, मामाच्या स्थळाला नकार कळवला गेला, पुढे नोकरी करत मी पदवीही घेतली. पण माझा हात पुन्हा कधी कानाकडे गेला नाही. घरच्या डावातही नाही. दिवाळीत तात्यांनी सवयीने खूण केली, अंगठा पाळीला टेकवून, खरी. मी ती पाहिली आणि नजर पानांत घातली. मी काही मुद्दाम केलं नाही. मला तेव्हा वाटत होतं की मी आता नीट खेळणारी झाले आहे. तात्यांनी ते पाहिलं. त्यानंतर त्यांनी खूण केली नाही, आणि मग काही दिवसांनी रविवारी गोधडीच अंथरली गेली नाही. सर म्हणायचे तशी फट मी सोडली, पण ती किती सोडायची याचंही एक माप असतं.

तो पूल आता पाडून नवा झाला आहे. नव्याचे सांधे इतके चांगले बसवले आहेत की ठक्-ठक् होत नाही. मी फोनवर ब्रिज खेळते. भिडू कुठल्या गावचा तेही माहीत नसतं आणि त्याचा कान तर दिसतच नाही. आई गेली. तात्या माझ्याकडे असतात. गेल्या वर्षी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घरी आणल्यापासून ते काय म्हणतात ते मला कळेना, भूक की तहान की दुखतंय, आणि कळत नाही म्हणून ते चिडायचे आणि मी घाबरायचे. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली की डाव्या हाताला काहीतरी काम द्या.

मी माळ्यावरचा डबा काढला. पत्ते निघाले, सोंडेच्या पंजीसकट. पलंगावर उशी आडवी ठेवली, त्यावर टॉवेल घातला आणि उगाचच चौघांची पानं वाटली. त्यांची पानं उशीला टेकवून उभी लावून दिली. ते एकेका पानावरून नजर फिरवत गेले. मग त्यांचा डावा हात हलला. वाटेत दोनदा थांबत, छातीवरून, हनुवटीवरून तो डोक्यापलीकडे निघाला, कारण त्यांना उजवाच कान हवा होता. अंगठा चाचपडला आणि पाळीला टेकला.

हुकूम अजून ठरलाच नव्हता.

मी हातातली पानं खाली ठेवली आणि विचारलं, "कान दुखतोय का तात्या?"

त्यांच्या तोंडाचा डावा कोपरा हलला, आणि तो बराच वेळ तसाच वर राहिला.